दात आंबवणारा मठ्ठा

श्रोतेहो, नमस्कार. उन्हाळा आहे, घरोघरी ताक घुसळलं जातंय, तर आज ताकावरूनच जंतूंकडं जाऊ.

माझ्या मामेबहिणीचं लग्न, जिंतूरकडच्या एका गावात. मे महिना, विहिरी आटलेल्या, पाणी टँकरचं. दुपारी पंगत बसली. पंगतच बरं का! ते ताट हातात धरून उभ्यानं जेवणं माझ्या घशाखाली आजही उतरत नाही. आग्रह करायला कोणी नाही, मीठ मागावं तर कुणाला? असो. जिलेबी आणि मठ्ठा होता. मठ्ठा पुरेना, तेव्हा मामांनी ताकात टँकरचं पाणी ओतलं, वर बर्फाची लादी फोडून टाकली. मी म्हटलं, "मामा, पाणी उकळलेलं नाही ना?" पातेल्यात डाव फिरवत मामा म्हणाले, "अगं माय, दात आंबतेत इतकं आंबट ताक हाय. ह्याच्यात कुठला जंतू जगतोय?" चाखून पाहिलं, खरंच आंबट होतं. आलं, जिरं, कोथिंबीर... मी दोन पेले प्यायले.

दुसऱ्या रात्री मांडव सोडायला माणूस उरला नाही. अर्धं वऱ्हाड टमरेल घेऊन रांगेत, नवरदेव सलाईनवर. मामा म्हणत राहिले, "जिलेबीच खराब होती."

आता बघा. पीएच म्हणजे आंबटपणा मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट. ताकाचा पीएच साडेचारच्या आसपास, उपाशी पोटातला दोनपर्यंत उतरतो. पीएच एकानं उतरला की आम्ल दहा पट. म्हणजे पोट ताकाहून शेकडो पट आंबट, आणि काही जंतू तेही पार करतात. ई-कोलाय या आतड्यातल्या जंतूकडं 'गॅड' नावाची जनुकं आहेत. आम्लाचे प्रोटॉन, म्हणजे आंबटपणा आणणारे कण, पेशीत शिरले, की या जनुकांपासून बनलेलं विकर (एन्झाइम) ते ग्लुटामेट नावाच्या अमिनो आम्लावर खर्ची घालतं. गळक्या घरातलं पाणी उपसावं, तसं. साल्मोनेला हा दुसरा जंतू तर हलक्या आंबटात राहिला की आम्ल सोसणारी जनुकं चालू करतो. पुन्हा सांगते, हलक्या आंबटात राहिलेला जंतू जहाल आंबटाला तयार होऊन येतो. 'शिगेला' नावाचा जंतू इतका चिवट की 10 ते 100 जंतूंनीही हगवण लागते. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू मात्र आम्लाला कच्चा, तो फार मोठ्या संख्येनं यावा लागतो.

आमच्या मठ्ठ्यात कोणता होता, ते कुणी तपासलं नाही. मामा अजून जिलेबीलाच बोल लावतात. पण धाकटीच्या लग्नात आदल्या रात्रीच चुलीवर पाण्याचे हंडे चढले होते, आणि मामा शेजारी पाट टाकून दर पाच मिनिटांनी विचारत होते, "उकळी फुटली का गं?"