अर्धवट लेआउट आणि आपली बार्शी लाइट

(लातूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, मॉडेल रेल्वेचा, म्हणजे खऱ्या रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतीचा छंद असलेल्या कितीतरी घरांत एक प्लायवुडची फळी भिंतीला टेकून उभी असते. रूळ टाकलेले, बोगदा अर्धा, डोंगराची जाळी उघडी. मध्येच बदली झाली, मुलांच्या परीक्षा आल्या आणि काम थांबलं. माझ्याकडचीही अशीच होती. मी ती पुन्हा हाती घेतली तेव्हा जो तो म्हणायचा, मोडा आणि नवीन करा. मी मोडली नाही. का, ते सांगतो.

फळीवर रूळ, डोंगर, घरं मांडून केलेल्या अशा देखाव्याला लेआउट म्हणतात. माझा हा लेआउट एन स्केलचा. म्हणजे प्रमाण १:१६० आणि दोन रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. बाजारात घरं-गाड्या परदेशी मिळत, म्हणून वर युरोपातलं खेडं उभारायचं ठरलं होतं. आता आपली बार्शी लाइट, ती अरुंद रुळांची नॅरोगेज रेल्वे आठवा. १८९७ साली ती बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. १९११ मध्ये लातूरला आली, १९२७ मध्ये मिरजेला पोचली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मॉडेल रेल्वेचं १:८७ असंही एक प्रमाण आहे, म्हणून त्याला ८७ नं भागा. उत्तर येतं ८.७६. म्हणजे एन स्केलचा तोच ९ मिलिमीटरचा रूळ १:८७ प्रमाणात बार्शी लाइटचा रूळ होतो, आणि फरक पाव मिलिमीटरसुद्धा नाही! जगभरातले नॅरोगेजवाले असंच करतात. आपल्या ब्रॉडगेजचं हेच गणित केलं तर १९.३ मिलिमीटर येतं आणि बाजारात त्या प्रमाणाचा रूळ मिळतो १६.५ चा. ब्रॉडगेजवाल्यांना तिथं तडजोड करावी लागते. आपल्याला नाही.

तेव्हा रूळ तसेच ठेवायचे, बदलायचं ते रुळांवरचं जग. एन स्केलच्या इंजिनाचा मोटर-चाकांचा सांगाडा घ्यायचा आणि त्यावर १:८७ ची बॉडी चढवायची. या लाइनचे कर्तेधर्ते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, असं ठरवलं होतं. त्यामुळे हलक्या रुळांवर मोठे बोगी डबे, म्हणजे दोन्ही टोकांना वळणाऱ्या चाकगाड्यांवर बसवलेले लांब डबे चालले. त्यांचा पंचवीस फुटी मालडबा आपल्या प्रमाणात जेमतेम ८८ मिलिमीटरचा होतो. पत्र्यासारखा पातळ प्लॅस्टिकचा तुकडा, धारदार पाती आणि पट्टी, एवढ्यावर तो घरी बनतो.

पण आधी जुन्या रुळावर एक इंजिन धावलं पाहिजे. उत्साहाच्या भरात लोक डोंगर रंगवायला बसतात आणि वीज पोचत नाही म्हणून महिन्याभरात पुन्हा फळी भिंतीला लागते. रुळांच्या सांध्यावरच्या जोडपट्ट्या वर्षानुवर्षांत काळ्या पडतात, त्यांच्यावर विसंबू नये. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर सोल्डर करावी. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ तर खिडकी बंद असली तरी येते. ती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावी. पॉलिशपेपर लावू नये, त्याचे ओरखडे पडतात आणि घाण त्यांतच धरते. इंजिनाच्या दातेरी चाकांतलं जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं. ते काढून प्लॅस्टिकला चालणाऱ्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकानं द्यावा. मग इंजिन अगदी हळू चालवून बघावं. हळू चालताना न अडखळणारं इंजिन हीच खरी परीक्षा आहे, वेगात काहीही धावतं.

आणखी एक गोष्ट, खास आपल्या हवेची. डिसेंबरातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत तीस अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात मीटरभर रूळ अर्धा मिलिमीटर वाढतो. सांध्यात फट नसेल तर रूळ बाहेर फुगतो. पावसाळ्यात प्लायवुड फुगतं ते वेगळंच, म्हणून फळीच्या कडा आणि तळ आधी वॉर्निशनं बंद करावेत.

एन स्केलच्या रुळाचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, बारीक आणि दाट असतात, नॅरोगेजला ते शोभत नाहीत. त्यावर इलाज आपल्या शेतात आहे. काळी माती वाळवून, चाळून, पातळ केलेल्या फेविकॉलनं स्लीपरांवर बसवली की लाइन माळरानातून गेल्यासारखी दिसते.

अख्खी लाइन करायचा हट्ट नको, एक स्टेशन पुरे. मी येडशी निवडलं. नॅरोगेजच्या काळात धाराशिव शहराला स्टेशन नव्हतं, तिथल्या माणसांना येडशी गाठावी लागे. शेजारी रामलिंगचं जंगल आणि घाट आहे. रूळ रुंद झाल्यावर जुनी लाइन उखडली गेली. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन रेल्वे आली, हे या सभेतल्या कुणाला सांगायला नको. ती ब्रॉडगेजवरून आली. पण मिरज आणि लातूर पहिल्यांदा जोडले ते त्या अडीच फुटी रुळांनी, आणि ते मुलांना दिसावं असं काही या शहरात असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. घरी जुने अल्बम असतील. लग्नाच्या वऱ्हाडाच्या, निरोपाच्या फोटोंत मागं येडशी, ढोकी, मुरूडचं स्टेशन आलेलं असेल तर तो फोटो दाखवा. माणसाच्या उंचीवरून मागच्या भिंतीची, दाराची मापं काढता येतात. पाण्याची टाकी फलाटाच्या कुठल्या टोकाला होती, इंजिन तिथं किती वेळ थांबायचं, आठवत असेल तर आत्ताच या आणि सांगा. वही मी सोबत आणली आहे.