शवासनाला मिनिटं किती?

श्रोतेहो, नमस्कार.

योगवर्गाची चौकशी करायला येणारी माणसं पूर्वी वेळ विचारायची, फी विचारायची. आता पहिला प्रश्न असतो, "तुमच्याकडे कोणता योगा शिकवतात?" मोबाइलवर चार व्हिडिओ बघून झालेले असतात. हठयोग, पॉवर योगा, अय्यंगार, विन्यास, योगनिद्रा, सगळी नावं तोंडपाठ. कुणाची पाठ धरलेली असते, कुणाची झोप उडालेली असते, कुणाला डॉक्टरांनी "जरा टेन्शन कमी घ्या" एवढंच सांगून पाठवलेलं असतं. आणि यातलं आपल्याला नेमकं काय लागू पडेल, हे मात्र कळत नसतं.

आज या प्रकारांबद्दलच बोलू, पण ताण उतरवायचा या अंगाने. माझं मत आधीच सांगून टाकते. ताणाचा विचार केला तर प्रकाराचं नाव दुय्यम आहे. श्वास सोडायला आणि शेवटी स्वस्थ पडून राहायला त्या प्रकारात किती जागा ठेवली आहे, ते बघावं.

हे मी हवेत बोलत नाही. आत्ता बसल्या जागी करून बघा. गाडी चालवत असाल तर नको, घरी पोचल्यावर करा. एका मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दुसऱ्या हाताची तीन बोटं ठेवा. नाडी लागली? आता सावकाश श्वास आत घ्या. आणि त्याहून सावकाश सोडा. पुन्हा एकदा घ्या. सोडा. श्वास घेताना ठोके किंचित घाईने पडतात आणि सोडताना त्यांच्यातलं अंतर वाढतं. तरुणांना हा फरक चटकन लागतो, वय वाढतं तसा तो बारीक होत जातो. घाबरायचं कारण नाही, निरोगी हृदय असंच वागतं. मेंदूकडून निघून हृदयाकडे आणि पुढे पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची एक नस आहे. हृदयाचा वेग आवरून धरणं हे तिचं काम. श्वास घेताना तिची पकड सैल होते, सोडताना पुन्हा घट्ट होते. हृदयाला आपण हुकूम देऊ शकत नाही. श्वासाला देऊ शकतो, आणि त्याच्या वाटेने हृदयापर्यंत थोडंफार पोचता येतं. योगातल्या बहुतेक शांतवणाऱ्या गोष्टींची किल्ली इथे आहे.

आता प्रकारांकडे वळू. गंमत अशी की, एकमेकांपासून लांबची वाटणारी घराणी अनेकदा एकाच गुरूच्या घरातून निघालेली आहेत. गुजरातेत मालसरला परमहंस माधवदास नावाचे योगी होते. त्यांचे दोन शिष्य. एक श्री योगेंद्र. त्यांनी 1918 साली मुंबईत वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट सुरू केली, ती आज सांताक्रूझला आहे. संन्यास न घेता, संसार करत योग शिकवायचा, असा त्यांचा बाणा. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. त्यांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. हा मुळात व्यायामशाळेत घडलेला माणूस. उड्डियान म्हणजे पोट आत ओढून धरणं, नौली म्हणजे पोटाचे स्नायू घुसळणं; हे करताना पोटाच्या आत नेमकं काय होतं, हे बघायला त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरणांची मदत घेतली. पुढे 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढून असे प्रयोग छापायला सुरुवात केली. साल तेच, 1924. "योगाने बरं वाटतं" एवढ्यावर न थांबता "का वाटतं, ते मोजू" म्हणणारा हा माणूस आपल्या मातीत उभा राहिला, याचं आपल्याला पुरेसं कौतुक नाही.

लोणावळ्याच्या पद्धतीत आसन सावकाश घ्यायचं, धक्का द्यायचा नाही, गरजेपेक्षा जास्त जोर लावायचा नाही. बघणाऱ्याला वाटतं, यात काय व्यायाम झाला? ताणलेल्या माणसाला हेच जड जातं. त्याला जोर लावायची इतकी सवय असते की साध्या भुजंगासनातही कपाळाला आठ्या आणि दातावर दात.

दुसरी जोडी म्हैसूरची. तिथे राजवाड्याच्या आश्रयाने टी. कृष्णमाचार्य शिकवत. त्यांचे दोन शिष्य, पट्टाभी जोईस आणि बी. के. एस. अय्यंगार. पट्टाभींनी जे पुढे नेलं ते अष्टांग विन्यास. ठरलेली मालिका, श्वासागणिक हालचाल, एका आसनातून दुसऱ्यात जवळजवळ उडी मारून जाणं, घामाच्या धारा. आज जिममध्ये पॉवर योगा म्हणून जे चालतं, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे. आणि अय्यंगार अगदी उलट टोकाला. एक आसन घ्या, त्यात थांबा, टाचेपासून टाळूपर्यंत नीट रचा.

अय्यंगार गुरुजी 1937 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, डेक्कन जिमखान्यावर सहा महिने शिकवायला म्हणून पुण्यात आले आणि शेवटपर्यंत पुण्याचेच झाले. 2014 साली ते गेले. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय असं सगळं अंगावर काढलेला हा मुलगा. म्हणूनच असेल, ज्यांना आसन जमत नाही त्यांच्यासाठी आसन कसं सोपं करावं, यावर त्यांनी आयुष्यभर डोकं चालवलं. भिंतीतल्या दोऱ्या, लाकडी ठोकळे, पट्टे, लोड, घड्या घातलेल्या घोंगड्या, पत्र्याच्या खुर्च्या. नवखा माणूस हे सामान बघून बिचकतो.

एक उदाहरण सांगते. माझ्या वर्गात एक ताई येतात, दिवसभर बँकेच्या काउंटरवर असतात. त्यांना मी सुप्त बद्धकोनासनात झोपवलं. पाठीखाली लांबीने लोड, तळवे एकमेकांना जुळवलेले, दोन्ही मांड्यांखाली घोंगडीच्या घड्या. शरीराला काहीही पेलायचं नव्हतं. तरी त्यांच्या भुवया ताणलेल्याच. हनुवटी छताकडे वर गेलेली होती. मी डोक्याखाली आणखी एक घडी सरकवली, कपाळ हनुवटीपेक्षा जरा उंच झालं, मान मागून लांबली. आणि थोड्या वेळाने त्यांचा जबडा सुटला. दात एकमेकांपासून दूर झाले. उठल्यावर त्या म्हणाल्या, "मी दात आवळून बसते, हे मला माहीतच नव्हतं." ज्यांचा ताण असा अंगात मुरलेला आहे, थकलेत पण सैल होता येत नाही, त्यांना ही आधाराची पद्धत मानवते.

पण सगळ्यांचा ताण असा नसतो. हिंजवडीच्या आयटी कंपनीतून सुटून आलेला पंचविशीतला मुलगा, दिवसभर खुर्चीत, डोकं गरगरतंय, पाय एकसारखा हलतोय. त्याला आल्या आल्या "डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या" म्हटलं तर ती शिक्षा होते. अशा माणसाला आधी दमवावं. सूर्यनमस्कार घालायला लावावेत, विन्याससुद्धा चालेल. घाम आला, श्वास खोल झाला, की मग तो आपणहून आडवा होतो.

सूर्यनमस्कारांचं नाव निघालं म्हणून औंधची आठवण. सातारा भागातल्या या छोट्या संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नेमाने नमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले होते. त्यांच्या नमस्कारात दहा स्थिती होत्या, आपल्याकडे हल्ली बाराची पद्धत रूढ आहे. हठप्रदीपिकेसारख्या जुन्या ग्रंथात सूर्यनमस्कार सापडत नाहीत, म्हणून काही जण नाक मुरडतात. मुरडोत बापडे. शंभर नमस्कार हापापल्यासारखे घालण्यापेक्षा बारा नमस्कार श्वास धरून, म्हणजे श्वासाचा ताल सांभाळून, घालावेत, इतकीच माझी अट.

योगनिद्रा हे प्रकरण वेगळं. बिहारमधल्या मुंगेरच्या स्वामी सत्यानंदांनी तिला आजचं रूप दिलं. आडवं पडायचं आणि सांगणाऱ्याच्या आवाजामागे मन न्यायचं. उजव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट, दुसरं बोट, तळवा, मनगट, असं करत सगळं शरीर. मन एका जागी टिकत नाही ना, मग त्याला टिकवायचंच नाही, फिरवत ठेवायचं. झोपायचं नाही, असं बजावलेलं असतं. तरी वर्गात कुठल्या तरी कोपऱ्यातून घोरणं ऐकू येतंच. येऊ दे. ज्याची झोप राहिली आहे तो झोपणार. ज्यांना गुडघ्यांमुळे, वजनामुळे आसनं करता येत नाहीत, त्यांना योगनिद्रा हे उत्तम दार आहे.

आता बागेकडे येते. सकाळी कुठल्याही शहरातल्या बागेत जा, एका कोपऱ्यात कपालभाती, म्हणजे झटक्याझटक्याने श्वास बाहेर टाकणं, चाललेली असते आणि दुसऱ्यात हास्यक्लब. हास्यक्लब ही मुंबईची देणगी, डॉ. मदन कटारिया यांनी 1995 साली सुरू केली. पोथीत कुठे नाही. पण हसणं म्हणजे तुटक तुटक सोडलेला लांब श्वासच की! वर चार माणसं भेटतात, ते वेगळंच. एकटं राहणाऱ्या आजोबांना मी प्राणायामापेक्षा आधी हास्यक्लब सुचवेन.

कपालभातीबद्दल मात्र मला तक्रार आहे. हठप्रदीपिकेत ती सहा शुद्धिक्रियांमध्ये येते, प्राणायामांच्या यादीत नाही. ती जागं करणारी, चेतवणारी क्रिया आहे. झोप येत नाही म्हणून रात्री कपालभाती करणारे लोक मी पाहिले आहेत. मग झोप कशी येणार? रक्तदाब जास्त असलेल्यांनी, हर्निया असलेल्यांनी, गरोदरपणी आणि पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर ती करू नये. रात्रीसाठी भ्रामरी आहे. तोंड मिटून, नाकातून सावकाश गुणगुणत श्वास सोडायचा. आवाज काढायचा म्हटल्यावर श्वास आपोआप लांबतो, मोजावं लागत नाही.

इशारे निघालेच आहेत तर आणखी दोन. काचबिंदू असेल तर शीर्षासन नको. कंबरेतल्या चकतीचा त्रास असेल तर पुढे वाकणारी आसनं व्हिडिओ बघून करू नका, समोर शिक्षक असू दे. आणि योग सुरू केला म्हणून रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. कमी करायची असेल तर ते डॉक्टर ठरवतील.

आता शवासन, म्हणजे शेवटी उताणं, स्वस्थ पडून राहणं. योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी आसनावर सबंध तीनच सूत्रं लिहिली आणि त्यातल्या दुसऱ्यात प्रयत्न शिथिल करायला सांगितलं. आपल्या वर्गांमधून नेमकं तेच गाळलं जातं. पाच वाजता सुरू, सहाला दुसरी बॅच, शेवटी उरलेली दीड-दोन मिनिटं शवासनाला. त्यातही कुणी चटई गुंडाळतंय, कुणी गाडीची किल्ली शोधतंय. शरीर खाली यायला वेळ लागतो, श्वास आपणहून मंदावायला वेळ लागतो. तासाभराच्या वर्गात दहा मिनिटं तरी त्यासाठी हवीत. वर्ग निवडताना "शवासनाला मिनिटं किती?" हा प्रश्न जरूर विचारा. "वेळ उरला तर घेतो" असं उत्तर आलं, तर मी तरी दुसरा वर्ग बघेन, मग तो कुठल्याही घराण्याचा असो.

ज्यांना वर्गाला जाणं जमत नाही, त्यांच्यासाठी घरातली एक सोय सांगते आणि थांबते. जमिनीवर सतरंजी घाला. उताणे झोपा आणि दोन्ही पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, गुडघे काटकोनात. कंबर जमिनीला टेकते, दिवसभर उभं राहणाऱ्यांना याचा विशेष आराम मिळतो. डोक्याखाली पातळ उशी, डोळ्यांवर घडी केलेला रुमाल, हात अंगापासून थोडे लांब, तळवे वर. फक्त श्वास सोडण्याकडे लक्ष द्या, आत तो आपोआप घेतला जातो. दहा मिनिटांचा गजर लावा, म्हणजे सारखं घड्याळ बघायला नको. उठताना सरळ उठू नका. पाय खाली घ्या, उजव्या कुशीवर वळा, थोडं थांबा आणि हाताने रेटा देऊन बसा. झटक्यात उठलं तर चक्कर येते. आणि भरल्या पोटी नको, जेवण होऊन दोन-अडीच तास तरी जाऊ देत. संध्याकाळी घरी आल्यावर, चहाच्या आधी, ही त्याची सगळ्यात चांगली वेळ.

नमस्कार.