डोळे नाही, झोप बघा
(लातूर इथल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आपल्याकडं कावीळ झाली की दवाखान्याच्या आधी माळ आठवते. माळ लांबत बेंबीपर्यंत आली, की कावीळ उतरली! कुणी चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतं, पाणी पिवळं होतं. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो, एवढंच. पण माळवाल्याचं नाव होतं, कारण हेपॅटायटिस ए आणि ईची कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते. मी आलोय उरलेल्या थोड्यांबद्दल बोलायला, ज्यांचं धडधाकट यकृत काही दिवसांत किंवा आठवड्यांत कोसळतं.

हेपॅटायटिस ए आणि ईचे विषाणू येतात पाण्यातून. २०१६ सालच्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते तुम्ही विसरला नसाल. नळ आठ-आठ दिवस कोरडा राहिला, की रिकाम्या पाइपात फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी ओढलं जातं. पहिली धार हंड्यात घेऊ नका आणि पाणी उकळून प्या. घरात गरोदर बाई असेल तर जास्तच जपा. शेवटच्या तीन महिन्यांत ई कावीळ बळावली, तर साधारण पाचांत एक दगावते.

इंग्लंड-अमेरिकेत यकृत निकामी होण्याचं मोठं कारण पॅरासिटामॉलचा अतिडोस. आपल्याकडं विषाणूंच्या जोडीला क्षयाची औषधं. गोळ्या मनानं बंद करू नका. पण भूक मेली, उलट्या लागल्या, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी दाखवा. या औषधांनी यकृत पूर्ण निकामी झालं, तर प्रत्यारोपणाशिवाय तिघांतले दोघं जातात. उंदराच्या पेस्टमधला पिवळा फॉस्फरस आणखी फसवा. उलट्या थांबतात, दोन दिवस माणूस बरा दिसतो, आणि मग यकृत जातं. त्यावर उतारा नाही.

आता खरी गोष्ट. यकृताच्या पेशी मरताना रक्तात वाढणारा एसजीपीटी दोन हजारांवरून दोनशेवर आला, की नातेवाईक पेढे आणतात. थांबा! पेशी मरून संपल्या तरी तो आकडा उतरतो. बाजूचा पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो तो आकडा, बघा. तो दीडच्या वर चढत असेल, तर यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं बनवेनासं झालंय.

आणि झोप. पेशंट रात्रभर जागा, दिवसा पेंगतो, चिडतो, नातवाचं नाव चुकतो. घरचे म्हणतात, ‘अशक्तपणा आलाय, झोपू द्या.’ ती झोप नाही, यकृताला गाळता न आलेलं, मेंदूवर चढलेलं विष आहे. झोपेची गोळी तर अजिबात देऊ नका. गंमत बघा, कावीळ दिसल्यावर आठवड्यात असा भ्रम आला, तर मेंदूला सूज येण्याची भीती मोठी, तरी प्रत्यारोपणाशिवाय वाचणारेही त्यांच्यातच जास्त. रेंगाळत दीड-दोन महिन्यांनी आला, तर यकृत क्वचितच सावरतं.

प्रत्यारोपणासाठी इथून पुणं, मुंबई किंवा हैदराबाद. भाऊ किंवा आई यकृताचा तुकडा द्यायला तयार असली, तरी त्यांच्या तपासण्यांना वेळ लागतो. म्हणून पेशंट ओळख देतोय तोवरच गाडी काढा.