खोक्यातून आलेली गाडी

(काळोख. पट्ट्या उचकटल्याचा आवाज. गॅरेजचं शटर वर जातं, ऊन आत येतं.)

डॅलसच्या उत्तरेकडचं एक गॅरेज. शनिवारची सकाळ. मधोमध लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा, त्याला वरून पुठ्ठा. चीनमधून निघालेला हा पिंजरा जहाजाने किनाऱ्याला लागला आणि ट्रकने दारात आला. आत मुलांची एटीव्ही आहे, मातीवाळूत चालवायची ११० सीसीची चौचाकी. किंमत हजार डॉलरच्या आसपास. नावाजलेल्या कंपनीची एवढीच गाडी घ्यायची तर तिप्पट मोजावे लागतात.

सात वर्षांचा मुलगा बाजूला उड्या मारतोय. गेल्या सुट्टीत आजीकडे गेला असताना त्याने नागावच्या किनाऱ्यावर अशा गाड्या पाहिल्या, तेव्हापासून घरात एकच विषय.

बाबांच्या हातात पाना आहे. गाडी अर्धवट जोडून आली आहे. चाकं, हँडल, पुढचा बंपर घरी बसवायचा. नटबोल्टची पिशवी वेगळी. माहितीपत्रकातली इंग्रजी वाक्यं वाचून हसू येतं, आणि चित्रांवरून काही कळत नाही.

(इंजिनावरून कॅमेरा सरकतो, थांबत नाही.)

इंजिनाबद्दल फार बोलायला नको. होंडाने १९५८ साली सुपर कब काढली, तिच्या आडव्या सिलिंडरच्या ठेवणीची ही दूरची नक्कल. चिवट असतं, चालत राहतं. प्रश्न आहे तो इंजिन ज्याला पुढे ढकलतं त्याचा. गाडी वळणार कशी, आणि वळताना तिची चाकं जमिनीवर राहणार का?

(जुनी छायाचित्रं : फुगीर टायरची तीनचाकी, वाळू, बर्फ.)

१९७० साली होंडाची तीनचाकी एटीसी अमेरिकेत आली. तिला स्प्रिंग नव्हती, शॉकअप नव्हते. होते ते फुग्यासारखे टायर, अगदी कमी हवेचे. खड्डा आला की टायर दबायचा आणि पुन्हा फुगायचा. टायर धक्का झेलतो खरा, पण झेललेला धक्का जिरवत नाही, परत करतो. चेंडू आपटल्यासारखा. धक्का जिरवायला तेलात वरखाली सरकणारा दट्ट्या लागतो, म्हणजे शॉकअप. पुढे शॉकअप आले, चौथं चाकही आलं. पण तोवर तीनचाकीने इतकी माणसं आणि मुलं घायाळ केली होती की १९८८ साली मोठ्या कंपन्यांनी सरकारशी न्यायालयात समझोता करून नव्या तीनचाकींची विक्री थांबवली.

तो समझोता त्या कंपन्यांपुरता होता, आणि दहा वर्षांचा. नंतर बाजारात आलेल्या स्वस्त आयात गाड्यांनी कुठेच सही केलेली नव्हती. २००८ च्या कायद्याने ही फट बुजवली. उद्योगाने स्वतःसाठी केलेलं एटीव्हीचं मानक सगळ्यांना सक्तीचं झालं, आयातदारालाही. त्यात एक अट आहे : प्रत्येक चाकाला यांत्रिक सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंग-शॉकअपची जोडणी, हवं, धक्का झेलणं आणि जिरवणं हे टायरवर सोडायचं नाही, आणि चाकाला वरखाली व्हायला किमान ५० मिलिमीटर वाव हवा. ५० मिलिमीटर म्हणजे दोन इंच, अंगठ्याच्या दोन पेरांएवढा.

(बाबा हँडलवर दोन्ही हात ठेवून पुढचा भाग दाबतात. सोडतात. गाडी डुलत राहते : एक, दोन, तीन.)

हे पाहा. चांगला शॉकअप एकदा वर येतो आणि थांबतो. हा डुलतोय. बाहेरून तो शॉकअपसारखा दिसतो, स्प्रिंगला लाल रंगही दिलाय, पण आत दट्ट्याचं काम जवळजवळ नाहीच.

आता मुलाला बसवतात. बावीस किलोचं पोर. स्प्रिंग हलतही नाही. बाबांच्या वजनाला झुकणारी स्प्रिंग मुलाला दाद देत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी गाडी घेतली, त्याच्यापुरता हिशेब पुन्हा १९७० वर आला. खाली फक्त टायर. एका खड्ड्यात पुढचं चाक उसळलं की तेवढा वेळ ते हवेत, आणि हवेतलं चाक कितीही वळवा, गाडी सरळच जाते.

(आकृती : पुढचं चाक, त्रिकोणी आर्म, टाय रॉड.)

याहून खोडकर दोष इथे आहे. चाकाला धरून ठेवणारा हा त्रिकोणी आर्म. स्वस्त गाडीत प्रत्येक बाजूला तो बहुधा एकच असतो, महाग गाडीत वर-खाली दोन. आणि ही सळई, टाय रॉड. हँडल वळवलं की ती चाकाला ढकलते किंवा ओढते. चाक उसळतं तेव्हा आर्म आणि टाय रॉड दोघं आपापल्या सांध्याभोवती कमानीत फिरतात. दोघांची लांबी आणि सांध्यांची जागा जुळवलेली असेल तर चाक सरळ वर जातं. नसेल तर? झोपाळ्याची एक साखळी आखूड ठेवून झोका घ्या, पाट तिरका होतो. तसंच चाक वर जाताजाता आपोआप वळतं. हँडल मुलाने हलवलेलं नसतं, ते खड्ड्याने हलवलेलं असतं.

मोठा माणूस अशा वेळी मनगटाने सावरतो. सात वर्षांच्या मनगटाला ते जमत नाही.

(मागच्या चाकांचा क्लोजअप. दोन्ही चाकं एका जाड दांड्यावर.)

आता मागे या. मोटारीत मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असतं, म्हणून वळणावर आतलं चाक कमी आणि बाहेरचं जास्त फिरू शकतं. इथे दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की. दोघांना सारखंच फिरावं लागतं, त्यामुळे वळताना एकाला तरी घसरणं भाग. मातीवर, वाळूवर ते घसरतं. शिवाय स्वार अंग आत झुकवून, वजन हलवून गाडीला मदत करतो. गाडी शंभर किलोच्या आसपासची. बावीस किलोचं पोर किती वजन हलवणार?

आणि गंमत म्हणजे, म्हणजे गंमत नाहीच ही, पहिली फेरी मातीवर होत नाही. ती होते घरासमोरच्या सिमेंटवर, कारण आईबाबांना ती जागा सपाट आणि सुरक्षित वाटते. पक्क्या रस्त्यावर चालवू नका, असं गाडीवरच्या पिवळ्या पट्टीवर लिहिलेलं असतं ते याच कारणाने. सिमेंटवर मागची चाकं घसरायला तयार नसतात. मग हँडल वळवूनही गाडी सरळ रेटत जाते. नाहीतर टायर अचानक पकडतो आणि आतलं चाक उचललं जातं.

वळणावर गाडी कशी वागते, बाजूला कलंडते का, याची चाचणी २००८ साली सक्तीच्या झालेल्या मानकात नव्हती. पुढे-मागे उलटण्याचं गणित होतं. त्याच कायद्यात संसदेने आयोगाला, म्हणजे अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाला, सांगितलं होतं की सस्पेन्शन आणि चालत्या गाडीच्या स्थैर्याकडे पुन्हा बघा. मुलांच्या वस्तूंत शिसं नको, या त्याच कायद्यातल्या नियमामुळे मात्र २००९ च्या फेब्रुवारीत मुलांच्या एटीव्ही दुकानांतून उचलाव्या लागल्या. बॅटरीच्या टोकांत, धातूच्या सुट्या भागांत शिसं होतं ना! २०११ मध्ये सूट मिळाली. पोर बॅटरी चाटेल ही धास्ती कायद्याला आधी वाटली.

तरी आयोग गप्प नाही. गेली काही वर्षं तो आयात एटीव्हींबद्दल इशारे काढतोय. वाचलेत तर तीच कलमं पुन्हापुन्हा येतात : वेग मर्यादेपेक्षा जास्त, पार्किंग ब्रेक नाही, सस्पेन्शन मानकात बसत नाही, हँडलची टोकं अशी की आपटल्यावर मुलाला खोल जखम होईल. काही आयातदार गाड्या परत घ्यायला तयारच होत नाहीत. मग आयोग एकतर्फी सांगतो, ही गाडी वापरू नका.

(हँडलला लटकलेलं पुठ्ठ्याचं लेबल. बाबा ते उलटं करून वाचतात.)

विक्रीच्या पानावर ‘मुलांसाठी’ लिहिलं होतं. लेबलवर वय आहे १० आणि पुढे. मानकात सहा वर्षांपासूनच्या गटाला कमाल वेग ताशी २४ किलोमीटर, दहापासूनच्या गटाला ४८. दुप्पट. आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेला विचाराल तर ती म्हणते, सोळाच्या आत एटीव्ही नकोच.

(पुढची चाकं अधांतरी, चेसिसखाली स्टँड.)

बाबांनी पुढचा भाग उचलून टेकवलाय. चाकाला डावीकडून-उजवीकडून धरून हलवलं. खट्. हा टाय रॉडच्या टोकाचा ढिलेपणा. वरून-खालून धरून हलवलं. पुन्हा खट्, जरा बारीक. बॉल जॉइंट असेल किंवा बेअरिंग. टाय रॉडचा लॉकनट हाताने फिरतोय, फॅक्टरीत आवळायचा राहिला असावा. आणि इथे, नटाच्या खाचेतून आरपार स्प्लिट पिन हवी होती. ती असली की नट सुटून पडत नाही. उजवीकडे आहे. डावीकडे भोक रिकामं.

बाबा पिशवी जमिनीवर उपडी करतात. वॉशर, दोन बोल्ट, एक चावी. पिन नाही.

पिन दहा पैशांची, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. नट आवळता येईल. आर्मची लांबी मात्र गॅरेजमध्ये बदलता येत नाही, आणि मुलाचं वजनही. विक्रेत्याचा फोन लावलाय, स्पीकरवर संगीत वाजतंय.

(मुलगा गाडीवर चढून बसलाय. चाकं जमिनीपासून वीतभर वर.)

तोंडाने भुर्रर्र करत तो हँडल डावीकडे वळवतो, उजवीकडे वळवतो. हवेत चाकं अगदी सांगितल्याबरहुकूम वळतात.

(फोनवरचं संगीत चालू. काळोख.)