चुलीपाशी लागलेला शोध

१८१० साली फ्रेंच सरकारनं पॅरिसच्या एका मिठाई कारागिराला १२,००० फ्रँक दिले. अट एकच: आपली युक्ती छापायची आणि सगळ्यांना खुली करायची.

या कारागिराचं नाव निकोला आपेर. मांस, भाज्या, फळं तो काचेच्या जाड बाटल्यांत भरी, बूच घट्ट ठोकून तारेनं बांधी आणि त्या बाटल्या पाण्यात उकळी. कुठला पदार्थ किती वेळ उकळायचा, हे त्यानं वर्षानुवर्षं करून पाहूनच ठरवलं. नौदलानं त्याच्या बाटल्या जहाजांवर नेऊन पारखल्या. आतलं अन्न टिकलं होतं.

पण ते का टिकतं? नामवंत रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक म्हणाला, बाटलीत ऑक्सिजन उरत नाही म्हणून. आपेरचा भरवसा मात्र उष्णतेवर होता. अन्न नासवतात ते सूक्ष्मजीव, आणि तापवल्यानं ते मरतात, हे लुई पाश्चरनं दाखवलं १८६०च्या दशकात. प्रयोगशाळेला कारण कळण्याच्या सुमारे ५० वर्षं आधी चुलीपाशी उत्तर सापडलेलं होतं! या साऱ्या कथेत मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

आपेरनं पेटंट घेतलं नाही. १८१० मध्येच लंडनमध्ये पीटर ड्युरँडनं मात्र घेतलं, आणि त्यात काचेबरोबर पत्र्याचे डबेही आले. १८१३ मध्ये ब्रायन डॉन्किनच्या कारखान्यातले डबे ब्रिटिश आरमाराकडे जाऊ लागले, म्हणजे थेट फ्रान्सच्या शत्रूकडे. पुढच्याच वर्षी युद्धात आपेरचा मासी इथला कारखाना उद्ध्वस्त झाला. १८४१ मध्ये, ९१ वर्षांचा आपेर गरिबीतच वारला. ज्याची विद्या जगानं फुकट वापरली, त्याच्या वाट्याला हे यायला नको होतं.

डबा तर आला, पण तो उघडायचा कसा? जाड लोखंडी पत्रा, त्यावर कथिलाचा मुलामा, सांध्यांना डाख. १८२४ च्या आर्क्टिक मोहिमेवर गेलेल्या एका डब्यावर सूचनाच छापली होती: वरच्या कडेजवळ छिन्नी-हातोडीनं गोल कापा. पत्रा पातळ होत गेला, तेव्हा कुठे हातातलं अवजार त्यावर चालू लागलं. १८५८ मध्ये अमेरिकेत एझ्रा वॉर्नरनं ओपनरचं पेटंट घेतलं. त्याचं पातं टोचून पुढे रेटावं लागे, आणि कापलेली कड ओबडधोबड राही. १८७० मध्ये विल्यम लायमननं फिरत्या चाकानं कापणारा ओपनर काढला.