हेवी लायसन्सची परीक्षा देणाऱ्या तरुणांसाठी

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला बोलायचं आहे ते ट्रकवर क्लीनर म्हणून फिरणाऱ्या आणि टेम्पो, पिकअप चालवता चालवता मोठ्या गाडीचं स्टिअरिंग हातात घ्यायची इच्छा धरलेल्या तरुणांशी. त्यांच्या घरच्यांनीही ऐकावं, कारण या अभ्यासात त्यांचीही मदत लागणार आहे. मी अवजड वाहनांचं ट्रेनिंग देतो. गाडीवर बसायला ही मुलं कधी मागे हटत नाहीत. अरुंद गल्लीत ट्रक रिव्हर्स घ्यायला सांगा, घेऊन दाखवतील. पण शिकाऊ लायसन्ससाठी कॉम्प्युटरवर परीक्षा द्यायची म्हटलं, की त्यांचा धीर सुटतो. "सर, शाळा सुटून किती वर्षं झाली, आता हे कसं जमणार?" असं विचारतात. या मुलांना मला मनापासून सांगायचं आहे की ही परीक्षा तुमच्याच कामाची आहे आणि तिच्यातलं निम्मं तुम्ही रस्त्यावर आधीच पाहिलेलं आहे. प्रत्येक नियमामागचं कारण तेवढं समजून घ्या, मग पाठांतराची गरज फार उरत नाही.

आधी पात्रतेचं बोलू. ट्रान्सपोर्ट गाडीच्या लायसन्ससाठी वय 20 पूर्ण लागतं. हलक्या वाहनाचं पक्कं लायसन्स हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं असलं पाहिजे, त्याशिवाय हेवीचं लर्निंग, म्हणजे शिकाऊ लायसन्स, मिळत नाही. पूर्वी आठवी पासची अट होती, ती सप्टेंबर 2019 मध्ये काढून टाकली. हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नाही आणि सातवीत शाळा सोडलेली मुलं उगाच मनात कमीपणा बाळगून बसतात. डॉक्टरांचा दाखला लागतो, फॉर्म 1 ए. त्यात लाल आणि हिरवा रंग नीट ओळखता येतो का, 25 मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, ऐकू व्यवस्थित येतं का, हे डॉक्टरांनी तपासायचं असतं. तपासणी न करताच या दाखल्यावर डॉक्टरांची सही घेऊ नका. डोळ्याला नंबर असेल तर तो आज कळलेला बरा.

आणखी एक गोष्ट. मालासकट साडेसात हजार किलोपर्यंत वजनाची छोटी मालवाहू गाडीच चालवायची असेल, तर हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. त्याच्या वरच्या गाड्यांना मात्र हेवी लायसन्सला पर्याय नाही.

आता परीक्षेकडे येऊ. लर्निंगच्या परीक्षेत काय विचारायचं हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 11व्या नियमात ठरवून दिलं आहे. वाहतुकीची चिन्हं, सिग्नल आणि रस्त्याचे नियम, अपघात झाल्यावर चालकाची कर्तव्यं, फाटकवाला नसलेलं रेल्वे क्रॉसिंग ओलांडतानाची काळजी आणि गाडीत ठेवायची कागदपत्रं, एवढाच अभ्यासक्रम. 60 टक्के उत्तरं बरोबर आली की पास. प्रश्न मराठीत घेता येतात. फक्त ती मराठी सरकारी असते, लायसन्सला अनुज्ञप्ती म्हणते, म्हणून सारथी या लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवरचा सराव दोन-चार वेळा करून त्या भाषेची सवय करून घ्या.

चिन्हांसाठी पुस्तक घोकत बसू नका. आकार बघा. गोल चिन्ह हुकूम देतं, त्रिकोणी सावध करतं, चौकोनी माहिती देतं. फक्त दोन चिन्हं वेगळ्या आकाराची आहेत. 'थांबा' अष्टकोनी आणि 'रस्ता द्या' उलट्या त्रिकोणाचं. पाटी चिखलाने माखलेली असली, पाठीमागून दिसली, तरी हे दोन आकार ओळखू यावेत म्हणून ते तसे केले आहेत. ट्रकवाल्याने आणखी तीन चिन्हं डोळे मिटून ओळखली पाहिजेत. उंचीची मर्यादा, एकूण वजनाची मर्यादा आणि एका ॲक्सलवरच्या, म्हणजे चाकं जोडणाऱ्या एका दांड्यावरच्या, वजनाची मर्यादा. कारवाला यांच्याकडे बघतही नाही. तुमच्या हौद्यात ताडपत्रीच्या वर माल गेलेला असेल आणि पुढे रेल्वेचा पूल असेल, तेव्हा त्या गोल पाटीवरचा आकडाच तुम्हाला वाचवतो.

काही प्रश्न असे आहेत की चांगला ड्रायव्हरही तिथे चुकतो. एक सांगतो. 'एकेरी मार्गावर काय करू नये?' पर्याय असतात पार्किंग, ओव्हरटेक आणि रिव्हर्स. बहुतेक मुलं ओव्हरटेक म्हणतात. बरोबर उत्तर आहे रिव्हर्स. विचार करा, एकेरी रस्त्यावर सगळी वाहतूक एकाच दिशेने चालली आहे आणि सगळ्यांची नजर पुढे आहे. तुम्ही मागे यायला लागलात, तर कायद्याच्या हिशेबाने तुम्ही उलट दिशेनेच चाललात. त्यात ट्रकच्या मागचं आरशात दिसत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की उत्तर विसरत नाही. दुसरा प्रश्न म्हणजे समोरून येणारं वाहन आपल्या कोणत्या बाजूने जाऊ द्यायचं. घाईघाईने 'डावी' म्हणतात. आपण डावीकडून चालतो, तेव्हा समोरचा आपल्या उजवीकडूनच जाणार. असा प्रश्न आला की डोळ्यांपुढे रस्ता आणा, आपण ड्रायव्हरच्या सीटवर बसलो आहोत असं समजा आणि मग बटण दाबा.

रेल्वे क्रॉसिंगच्या प्रश्नावर मुलं म्हणतात, "सर, आता फाटकवाल्याशिवायचं क्रॉसिंग राहिलंय कुठे?" खरं आहे. ब्रॉडगेजवरची अशी सगळी क्रॉसिंग 2019च्या जानेवारीपर्यंत बंद झाली किंवा तिथे माणूस आला. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 131 कायम आहे आणि प्रश्नही येतो. उत्तर असं आहे की गाडी थांबवायची, क्लीनरने उतरून रुळांपर्यंत चालत जायचं, दोन्ही बाजूंना रेल्वे किंवा ट्रॉली येत नाही याची खात्री करायची आणि मग गाडी पार करून द्यायची. क्लीनर नसेल तर ड्रायव्हरने स्वतः उतरायचं. काचेतून डोकावून भागत नाही. केबिनमध्ये इंजिनच्या आवाजात हॉर्न ऐकू येत नाही आणि माल भरलेल्या ट्रकला रूळ ओलांडायला कारपेक्षा खूप जास्त वेळ लागतो. म्हणून उतरायचं.

सगळ्यात जास्त वेळ मला अपघातावरच्या प्रश्नाला द्यायचा आहे. 2024च्या जानेवारीत देशभर ट्रकचालकांनी संप केला, आपल्याकडे पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ते तुम्हाला आठवत असेल. जुन्या दंड संहितेच्या जागी आणलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मधल्या, अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद सांगणाऱ्या तरतुदीवरून तो संप होता. पुढे 1 जुलैला संहिता लागू झाली, तेव्हा ती तरतूद बाजूला ठेवली गेली. त्या वादात एक गोष्ट मागे पडली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 मध्ये ड्रायव्हरचं कर्तव्य आधीपासूनच लिहिलेलं आहे. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची, गरज पडली तर जवळच्या डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात पोचवायचं. जमावाच्या संतापामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या कारणामुळे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी, हेही त्याच कलमात लिहिलं आहे. पोलिसांना शक्य तितक्या लवकर, फार तर 24 तासांच्या आत कळवायचं. विमा कंपनीलाही कळवायचं.

जमाव मारेल या भीतीने ड्रायव्हर पळतो, ही भीती मी खोटी म्हणणार नाही. पण कायद्याने ती ओळखली आहे, हे पळणाऱ्याला माहीतच नसतं. जागा सोडावी लागली तर सरळ पोलीस ठाण्यात जा, वाटेतूनच 112 ला फोन करा, रुग्णवाहिकेसाठी 108 ला करा. रस्त्यावर पडलेल्या माणसाचा जीव त्या एका फोनवर अवलंबून असू शकतो. परीक्षेत हा एका मार्काचा प्रश्न आहे. माझ्या मते बाकी सगळे प्रश्न चुकले तरी चालतील, हा चुकता कामा नये.

घाटाबद्दल दोन प्रश्न हमखास विचारात घ्या. अरुंद घाटात उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची. कारण उघड आहे, भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलताना मागे सरकते. दुसरा मुद्दा उतारावर न्यूट्रल करण्याचा. डिझेल वाचतं म्हणून जुने लोक असं करायचे आणि तीच शिकवण अजून चालू आहे. आताच्या गाड्यांत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल जाणं बंदच होतं, म्हणजे वाचत काही नाही. उलट इंजिन गाडीला जे रोखून धरतं ते सुटतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. त्यात कुणी इंजिनच बंद केलं, तर ब्रेकला लागणारी हवा भरणारा कंप्रेसर थांबतो. डॅशबोर्डवरच्या हवेच्या काट्याकडे बघा. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की तो थोडा खाली येतो आणि वर चढत नाही. खंबाटकी असो की कसारा, ज्या गिअरमध्ये चढावं लागेल त्याच गिअरमध्ये उतरायचं.

ज्यांना पुढे पेट्रोल, गॅस किंवा केमिकलच्या टँकरवर जायचं आहे, त्यांना आणखी एक टप्पा आहे. त्यासाठी तीन दिवसांचं वेगळं ट्रेनिंग लागतं आणि लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी लागते. इथे मात्र वाचता-लिहिता येण्याची अट आहे. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातली एक भारतीय भाषा, म्हणजे आपली मराठी चालते, आणि सोबत इंग्रजी. कारण टँकरच्या पाटीवरची माहिती इंग्रजीत असते. पेट्रोलच्या टँकरवर 1203 हा आकडा दिसेल, तो पेट्रोलचा आंतरराष्ट्रीय नंबर. त्याच्या वर 3वायई असा कोड असतो. यातला 3 सांगतो की आग लागली तर फेस वापरा, आणि शेवटचा ई सांगतो की आसपासची वस्ती हलवण्याचा विचार करा. टँकर उलटला तर आधी धावून येणारे गावकरी असतात. त्यांना लांब ठेवायचं काम पाटी वाचता येणाऱ्या ड्रायव्हरचं आहे.

अभ्यास कसा करायचा, ते थोडक्यात सांगतो. वाचन अडखळत होत असेल तर घरात शाळेत जाणारं कुणीही असेल, त्याला प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही उत्तर सांगा, पण 'का' हेही सांगा. कारण सांगता आलं नाही तर उत्तर आलं असं धरू नका. क्लीनर असाल तर रोजच्या फेरीत दिसेल ती पाटी उस्तादांना, म्हणजे तुमच्या ड्रायव्हरला, मोठ्याने सांगत चला. एजंटच्या नादी लागून दुसऱ्याकडून बटणं दाबून घेऊ नका. तसं केलंत तर लायसन्स मिळेल, पण उंचीची पाटी तुम्हाला वाचता येणार नाही.

लर्निंग मिळालं की ते सहा महिने चालतं आणि 30 दिवसांनंतर पक्क्या लायसन्सच्या चाचणीला बसता येतं. तेव्हा मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म 5, म्हणजे ट्रेनिंग घेतल्याचा दाखला, लागतो, म्हणून स्कूलमध्ये नाव आधीच घालून ठेवा. परीक्षेच्या दिवशी आधार कार्ड, अर्जाची प्रिंट, डॉक्टरांचा दाखला आणि हलक्या वाहनाचं मूळ लायसन्स एका पिशवीत घालून घ्या. चष्मा असेल तर लावून जा. नापास झालात तर फी भरून पुन्हा बसता येतं, तेव्हा घरी येऊन चुकलेले प्रश्न आठवतील तसे लिहून काढा आणि तेवढेच आधी पक्के करा.

नमस्कार.