डिस्क घेऊ की डाउनलोड करू?

मघाशी इथे खुर्च्या लावताना एका मुलाने मला विचारलं, "दादा, पीएसफाइव्हचा गेम घ्यायचाय, डिस्क घेऊ की डाउनलोड करू?" (पीएसफाइव्ह म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन फाइव्ह, टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल.) शेजारी त्याचे बाबा होते, ते म्हणाले जे स्वस्त पडेल ते घे. मी म्हटलं थांब, स्टेजवरून सांगतो, कारण हे एका वाक्यात उरकण्यासारखं नाहीये.

माझ्या वयाच्या लोकांनी टीव्ही गेम खेळलाय. पिवळी कॅसेट, लागली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. (फुंकरीने काही होत नव्हतं, काढून घातल्याने पिना नीट बसायच्या म्हणून ती चालायची.) पण मला त्यातलं जे सगळ्यात जास्त आठवतं ते म्हणजे ती कॅसेट अख्ख्या बिल्डिंगमध्ये फिरायची. तुझी काँट्रा दे, माझी मारिओ घे, रविवारी परत आण. कुणाला विचारायला लागत नव्हतं.

आता डाउनलोडमध्ये नेमकं काय विकत मिळतं बघा. गेम नाही मिळत, गेम वापरायची परवानगी मिळते, लायसन्स. हे पूर्वी अटींच्या लांबलचक पानात दडलेलं असायचं, मग अमेरिकेत कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये कायदाच केला की नुसतं लायसन्स देत असाल तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा, आणि तो लागू व्हायच्या आधीच कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाने पैसे भरायच्या पानावर तशी सूचना टाकली. आणि हे सगळं तुमच्या खात्याला चिकटलेलं असतं. माझं असंच एका ठिकाणचं खातं दुसऱ्या कुणीतरी उघडलं, कंपनीने ते बंद केलं, परत मिळायला तीन आठवडे गेले, आणि तेवढे दिवस पैसे भरून घेतलेला एकही गेम मला उघडता आला नाही. तेव्हापासून मी हा विषय गंभीरपणे घ्यायला लागलो.

मग डिस्क घेतली की झालं का? नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' नावाचा गाड्यांचा गेम होता, 2014 चा, त्याला सतत इंटरनेट लागायचं. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद केले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचाही गेम बंद. त्यातूनच युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम उभी राहिली, दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. कॉल ऑफ ड्युटी या लढाईच्या मालिकेतल्या 2022 च्या गेमची डिस्क घ्या, तिच्यावर जेमतेम 70 एमबीच्या आसपास डेटा होता, बाकी सगळा गेम नेटवरून उतरवायचा. निनटेंडो कंपनीच्या स्विच टू या हातात धरूनही खेळता येणाऱ्या कन्सोलला काही गेम 'गेम-की कार्ड' म्हणून येतात, त्या कार्डात गेम नसतोच, फक्त किल्ली असते, गेम डाउनलोडच करायचा. म्हणजे हातात बॉक्स आहे पण आत गेम नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, की नेट काढून टाकलं, अकाउंट काढून टाकलं, तरी हा गेम चालेल का?

चालत असेल तर बॉक्ससारखी गोष्ट नाही. फायनल फँटसी सेव्हन रीबर्थ हा गेम अख्खा दोन डिस्कवर येतो, एकीवरून इन्स्टॉल करायचा, दुसरी घालून खेळायचा. स्विचचं कार्ड नखाएवढं, लहान मुलांनी गिळू नये म्हणून त्याला मुद्दाम कडू लेप दिलेला असतो, चाटून बघू नका, तोंड लवकर सुटत नाही. पण त्या नखाएवढ्या चिपमध्ये अख्खा गेम मावतो. निनटेंडोने 3डीएस या आपल्या जुन्या हातातल्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान 27 मार्च 2023 ला बंद केलं, तिथून आता नवीन काही विकत घेता येत नाही, पण 3डीएसची कार्डं आजही चालतात. जीटीए फोर या गेमचं बघा, त्यातल्या गाण्यांचे करार दहा वर्षांनी संपले आणि 2018 मध्ये अपडेट पाठवून बरीच गाणी काढून टाकली. ज्याने जुन्या कन्सोलवर डिस्क घालून ते अपडेट घेतलं नाही त्याच्याकडे ती गाणी अजून वाजतात.

आता बाबांचा मुद्दा, पैसे. पीएसफाइव्ह भारतात आला तेव्हा डिस्कवाला 49,990 ला होता आणि बिनडिस्कचा 39,990 ला. दहा हजार वाचले म्हणून लोक खूश, पण तो बिनडिस्कचा कन्सोल घेतला की तुमच्यासाठी एकच दुकान उरतं आणि भाव ते सांगेल तो. मी 4,999 ची नवी डिस्क घेतली, दोन महिन्यांत गेम संपवला, 3,200 ला विकली. असे तीन-चार गेम झाले की ते दहा हजार कुठच्या कुठे भरून निघतात. एक मात्र लक्षात ठेवा, डिस्क असली तरी गेम पीएसफाइव्हमध्ये कॉपी होतोच, त्यामुळे जागा वाचेल म्हणून डिस्क घेऊ नका.

डाउनलोडला मी वाईट म्हणणार नाही, अजिबात नाही. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने आपल्या पुराणकथांवरचा 'राजी' हा गेम बनवला, 2020 मध्ये तो आधी स्विचवर डाउनलोड म्हणूनच आला. लहान टीमने डिस्क छापून जगभर पाठवायच्या म्हटलं तर पैसा कुठून आणायचा? तिथे डाउनलोड नसतं तर आपली ही गोष्ट परदेशातल्या मुलांपर्यंत गेलीच नसती. स्टीमवर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात, फोडलेली डिस्क दुकानदार परत घेणार नाही. पण 100 जीबीचा गेम 50 एमबीपीएसच्या लाइनवर साडेचार तास घेतो, तोसुद्धा लाइन पूर्ण मिळाली तर, आमच्या मावशीकडे कोकणात दोन दिवस लागतात आणि मध्ये लाइट जाते ते वेगळंच.

कॉम्प्युटरवाल्यांना तर डिस्क आता मिळतच नाही, त्यांनी जीओजी या ऑनलाइन दुकानात बघावं. तिथे इन्स्टॉलरची फाइल मिळते, हार्ड डिस्कवर टाकून ठेवायची, नंतर कुणाला विचारायला नको. माझ्याकडे अशी एक हार्ड डिस्क आहे, वर्षातून एकदा लावून बघतो सगळं उघडतंय ना.

दिवाळीत भाचा आला होता, नऊ वर्षांचा. माळ्यावरून पीएसथ्री काढला, फडक्याने पुसला, 2009 चा अनचार्टेड टू घातला. ना नेट, ना पासवर्ड. डिस्क फिरल्याचा घर्रर आवाज आला तसा तो दचकला, त्याने तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. चार दिवस बसला होता समोर. जाताना कन्सोल आणि डिस्क दोन्ही घेऊन गेला, मीच दिलं, आणि परवा फोनवर विचारत होता की मामा, शेजारच्या ओमला खेळायला देऊ का.